चार सेंटिमीटरचं भोक, पन्नास मीटरचं अंतर

जत्रेत फुगे फोडायची बंदूक एकदाही हातात धरली नाही, असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात शोधूनच काढावा लागेल. वणीची रंगनाथ स्वामींची यात्रा घ्या नाहीतर एखाद्या गावचा बाजार, पाळण्याच्या बाजूला तो ठेला असतोच. फळीवर ओळीनं टाचलेले फुगे आणि पुढ्यात बाकावर आडव्या ठेवलेल्या दोन-तीन जुनाट एअरगन. ठेलेवाला नळी खाली मोडतो, त्यात शिशाचा छर्रा बसवतो, नळी 'खट्' करून सरळ करतो आणि बंदूक आपल्या हातात देतो. अंतर जेमतेम सात-आठ फूट. तरी नेम चुकतो, कारण त्या बंदुकीच्या नळीवरची खूण बहुतेक वेळा वाकडी असते, आणि ती किती वाकडी आहे हे ठेलेवाल्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याचा पहिला छर्रा डावीकडे गेला आणि ज्यानं दुसरा मुद्दाम उजवीकडे धरला, त्या पोरानं नकळत नेमबाजीतला पहिला धडा घेतलेला असतो: छर्रा डोळ्याला दिसेल तिथे जात नाही, तो बंदुकीच्या आणि हवेच्या नियमानं जातो.

या धड्यावर उभा असलेला एक खेळ आहे, फील्ड टार्गेट. आपल्याकडे तो फारसा कुणाला माहीत नाही. एअरगनची नेमबाजी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येते ती ऑलिंपिकमधली १० मीटरची, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीत बंदूक हाती घेतलेली अंजली भागवत २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि २००२ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिली आली. सुमा शिरूरनं २००४ मध्ये आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण घेतले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं पॅरिसमधलं २०२४ चं कांस्यपदक ५० मीटरच्या काडतुसी रायफलचं असलं, तरी त्यानंतर गावोगावच्या पोरांनी चौकशी केली ती एअर रायफलचीच.

दहा मीटरचा खेळ अवघड आहे यात वादच नाही. मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या छर्‍यापुढे तो अगदीच क्षुल्लक. पण तिथे एक सोय असते. अंतर ठरलेलं असतं, खेळ बंद सभागृहात चालतो, वारा नसतो, ऊन नसतं. एकदा बंदूक जुळवली की नेमबाजाचं सगळं भांडण स्वतःच्या श्वासाशी, नाडीशी आणि बोटाशी. फील्ड टार्गेट हा खेळ ही सोय काढून घेतो.

१९८० मध्ये इंग्लंडमध्ये या खेळाची सुरुवात झाली. तिथले हौशी लोक एअरगननं शेतातले उंदीर, ससे मारत. तीच कसोटी प्राणी न मारता, माळावर आणि झाडीत पत्र्याच्या लक्ष्यांवर घ्यावी, अशी कल्पना निघाली. लक्ष्य म्हणजे उंदीर, कावळा, ससा असा कापलेला जाड पत्रा. त्यात एक गोल भोक, आणि भोकामागे एक छोटी पट्टी. छर्रा भोकातून आत जाऊन पट्टीवर बसला की सबंध पत्रा मागे आडवा पडतो. भोकाच्या काठावर किंवा पत्र्यावर लागला तर 'टण्' असा आवाज येतो आणि लक्ष्य आपल्या जागी उभंच राहतं. पडलं तर एक गुण, नाही पडलं तर शून्य. मग नेमबाजाच्या जागेपर्यंत आलेली दोरी ओढायची, लक्ष्य पुन्हा उभं. पंच लागत नाही, संगणक लागत नाही, वाद घालायला जागा उरत नाही. मला या खेळाचं हे सगळ्यात आवडतं.

अशी लक्ष्यं साधारण ८ पासून ५० मीटरपर्यंत, काही खाली, काही उंचावर, काही सावलीत मांडलेली असतात. भोकं १५ मिलिमीटरपासून ४० मिलिमीटरपर्यंत. लहान भोकं जवळच्या लक्ष्यांना आणि मोठी लांबच्यांना, असा नियम आहे. जागतिक स्पर्धेत रोज ५० याप्रमाणे तीन दिवसांत १५० लक्ष्यं असतात. बहुतेक छर्रे जमिनीवर बसून, गुडघ्यावर बंदूक टेकवून मारायचे, काही गुडघा टेकून, काही उभ्यानं. अंतराची पाटी कुठेच नसते, आणि अंतर मोजणारं लेझर यंत्र वापरायला बंदी. इथेच खेळ सुरू होतो.

अंतर कळलं नाही तर काय बिघडतं? आकडे पाहा. या खेळात छर्‍याच्या ऊर्जेची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे साधारण १६.३ ज्यूल. अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड असलेला छर्रा तेवढ्या ऊर्जेनं नळीतून सेकंदाला २४० मीटरच्या आसपास वेगानं निघतो. हवा त्याला लगेच अडवू लागते, आणि ५० मीटर गाठेपर्यंत वेग १८० पर्यंत उतरलेला असतो. एकूण प्रवास पाव सेकंदाचा. पण गुरुत्वाकर्षणाला पाव सेकंद पुष्कळ झाला. तेवढ्या वेळात छर्रा नळीच्या सरळ रेषेपासून २८ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ फूटभर खाली येतो. म्हणून नळी किंचित वर रोखून मारावं लागतं.

त्यात आणखी एक गंमत. दुर्बीण नळीच्या वर पाचेक सेंटिमीटर बसवलेली असते. डोळ्याची रेषा वरून जाते, छर्रा खालून निघून वर चढतो, ती रेषा ओलांडतो आणि मग पुन्हा खाली उतरून ती दुसर्‍यांदा ओलांडतो. समजा, बंदूक ३५ मीटरवर नेमकी लागेल अशी जुळवली आहे. मग २० मीटरवर छर्रा साधारण दीड सेंटिमीटर वर लागतो आणि ५० मीटरवर जवळपास आठ सेंटिमीटर खाली. आणि ८ मीटरवर? तिथेही दीड सेंटिमीटर खालीच, कारण एवढ्या जवळ तो डोळ्याच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो. नवखा माणूस सगळ्यात जवळच्या उंदरावर हसत हसत नेम धरतो आणि चुकतो, त्याचं कारण हे. जवळच्या लक्ष्यालाही वर धरायचं असतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता ५० मीटरवरचं लक्ष्य ४५ मीटरवर आहे असं समजून मारलं, तर छर्रा तीनेक सेंटिमीटर खाली लागेल. भोक चार सेंटिमीटरचं, म्हणजे मध्यापासून काठ फक्त दोन सेंटिमीटरवर. हात दगडासारखा स्थिर, श्वास रोखलेला, बोट हळुवार, सगळं यथासांग, आणि तरी पत्र्यावर 'टण्'. या खेळात स्थिर हात हे अर्धंच भांडवल. उरलेलं अर्धं अंतर ओळखण्यात आहे, आणि कसलेले खेळाडू हरतात ते बहुधा या दुसर्‍या अर्ध्यात.

मग अंतर ओळखायचं कसं? मोठ्या स्पर्धांतले लोक त्यासाठी दुर्बिणीच वापरतात. ४० ते ५० पट मोठं दाखवणारी दुर्बीण एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्वच्छ दाखवते. पुढचं-मागचं सगळं धूसर. तिच्या बाजूला ताटलीएवढं चाक असतं. ते फिरवत जायचं. पत्र्यावरचा रंगाचा पोपडा किंवा दोरीचा पीळ जिथे लख्ख दिसेल तिथे थांबायचं आणि चाकावर आधीच लिहून ठेवलेला मीटरचा आकडा वाचायचा. मग बंदुकीला चिकटवलेल्या तक्त्यात त्या आकड्यासमोर दुर्बीण किती वर-खाली करायची ते पाहायचं. घरच्या मैदानावर महिनोन्महिने टेप लावून, दर दोन-तीन मीटरला मारून हा तक्ता तयार केलेला असतो. विकतचा तक्ता चालत नाही, कारण प्रत्येक बंदूक, दुर्बीण आणि छर्‍याचा डबा आपापल्या स्वभावाचा असतो.

ही युक्ती विदर्भात एका ठिकाणी अडेल. दुर्बिणीतली भिंगं आणि नळी उष्णतेनं सूक्ष्म प्रमाणात बदलतात. सकाळी गारव्यात ४५ मीटर दाखवणारं चाक भर दुपारी वेगळा आकडा दाखवू लागतं. युरोपातले खेळाडू पंधरा-वीस अंशांच्या फरकाचीही तक्रार करतात आणि दुर्बिणीवर छोटी छत्री धरून फिरतात. आपल्याकडे तर मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्यात तापलेल्या जमिनीवरून हवा अशी थरथरते की दुर्बिणीत पत्र्याचा ससा पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. यवतमाळमध्ये हा खेळ दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत, आणि तोही सकाळचाच.

अंतर कळलं तरी वारा राहतो. झाडाची पानं नुसती सळसळतील एवढाच आडवा वारा, म्हणजे सेकंदाला साधारण दोन मीटर, ५० मीटरवर छर्‍याला सात सेंटिमीटर बाजूला नेतो. म्हणजे भोक तर सोडाच, लहानसा पत्राही हुकू शकतो. शिवाय नेमबाजाजवळचा वारा आणि लक्ष्याजवळचा वारा एकच असेल असं नाही. मध्ये नाला असेल, बांधावर पळसाची रांग असेल, तर वाटेत दोनदा दिशा बदलते. म्हणून खेळाडू नळीच्या टोकाला लोकरीचा एक धागा बांधतात. तो जवळचा वारा सांगतो. लांबचा वारा गवत सांगतं, पान सांगतं, उडणारी म्हातारी सांगते. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता म्हणून तो उत्तीर्ण झाला. या खेळात ज्याला फक्त भोक दिसतं तो नापास. झाड, पान, गवत, सावली सगळं ज्याला दिसतं, त्याचा छर्रा भोकात जातो.

अंतराचा हा हिशेब निव्वळ हौसेचा आहे असं वाटत असेल, तर पांढरकवडा वनविभागाची आठवण काढावी. झरी जामणीतलं मुकुटबनचं जंगलही याच विभागात मोडतं. वाघाला बेशुद्ध करण्यासाठी जी बंदूक वापरतात, ती मुळात एअरगनच. फरक एवढा की छर्‍याऐवजी तिच्यातून औषधाची सुई असलेला डार्ट सुटतो. सिलिंडरमधला वायू नळीत सोडून तो फेकला जातो. बंदुकीवर दाब दाखवणारी तबकडी असते आणि समोरचं जनावर किती मीटरवर आहे त्याप्रमाणे दाब कमी-जास्त करावा लागतो. अंतर जास्त धरलं तर दाब जास्त होतो आणि डार्ट मांसात खोल घुसून हाडाला इजा करू शकतो. कमी धरलं तर तो अलीकडे पडतो किंवा लागूनही औषध नीट जात नाही. डार्टच्या सुईला बाजूला एक सूक्ष्म भोक असतं आणि त्यावर सिलिकॉनची बारीक नळी चढवलेली. सुई कातडीत शिरते तशी ती नळी मागे सरकते, भोक उघडतं आणि डार्टच्या मागच्या कप्प्यात आधीच भरलेली दाबाची हवा औषध आत ढकलते. एवढं सगळं जमलं तरी वाघ लगेच पडत नाही. पाच-दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात तो झाडीत कुठेही जाऊ शकतो.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात टी-१ ही वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, गोळी लागून मेली. दोन वर्षांत तेरा माणसं तिच्या हल्ल्यात गेल्याचं मानलं जात होतं. तिच्या अंगावर डार्ट आढळला. रात्रीची वेळ, पशुवैद्यक सोबत नसणं आणि तो डार्ट यांवरून पुढे चौकशीत बरेच प्रश्न उभे राहिले. त्या वादात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. पण अंधारात, झाडीत, चिडलेल्या जनावरावर अंतराचा अंदाज घेऊन डार्ट मारणं किती अवघड असतं, हे ज्यानं दिवसाढवळ्या पत्र्याच्या सशावर दहा छर्रे चुकवले आहेत त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. वनरक्षकांच्या प्रशिक्षणात या खेळाचा चांगला उपयोग होईल, असं माझं मत आहे.

आता झरी जामणीसारख्या तालुक्यात एखाद्या क्रीडा मंडळानं अशी स्पर्धा भरवायची ठरवली, तर काय लागेल? पहिली शंका कायद्याची. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअरगनची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त किंवा नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी, तिला परवाना लागतो. फील्ड टार्गेटची मर्यादा १६.३ ज्यूल, आणि छर्रा बहुतेकांचा ४.५ मिलिमीटरचाच. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांतली बंदूक आपल्या परवानामुक्त मर्यादेत आरामात बसते. तरी स्पर्धा भरवताना पोलीस ठाण्याला आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवावं. जंगलालगत बंदुका घेऊन वीस माणसं जमली की चौकशी होणारच, आणि व्हायलाही हवी.

दुसरी शंका पैशांची. आधी हवा भरून ठेवायच्या परदेशी रायफली आणि ५० पटींच्या दुर्बिणी लाखांत जातात. त्यांचा नाद सुरुवातीला सोडावा. या खेळाचाच एक धाकटा प्रकार आहे, हंटर फील्ड टार्गेट. त्यात एकदा स्पर्धा सुरू झाली की दुर्बिणीला हात लावायचा नाही. अंतर डोळ्यानं ओळखायचं आणि तेवढं वर-खाली धरायचं. भोकात लागून लक्ष्य पडलं तर दोन गुण, नुसतं पत्र्यावर लागलं तर एक, हुकलं तर शून्य. त्यामुळे नवशिक्याच्या पदरातही काहीतरी पडतं. नळी मोडून भरायची भारतीय स्प्रिंगची बंदूक यासाठी पुरते. मात्र ती धरायची रीत उलटी आहे. छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच आतली जड स्प्रिंग आणि दट्ट्या पुढे झेपावतात आणि बंदूक मागेपुढे हिसके देते. घट्ट आवळून धरली तर प्रत्येक वेळी हिसका वेगळा. उघड्या तळहातावर नुसती टेकवून ठेवली, तिला तिचा हिसका देऊ दिला, तर छर्रे एका जागी बसतात. ताकदीच्या जोरावर आलेली पोरं पहिल्या दिवशी याच गोष्टीवर चिडतात.

डोळ्यानं अंतर ओळखण्यात मात्र आपली माणसं मागे राहतील असं वाटत नाही. मुकुटबन-पाटण भागातला कापूस घेणारा शेतकरी दोन तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं अंतर फुटांत ठरवून पेरतो. चार फुटांचे तास असतील तर ४१ तास म्हणजे ५० मीटर. धुर्‍यावर उभं राहून 'इतक्या तासांवर' असं सांगणार्‍या माणसाला दुर्बिणीच्या चाकाची गरज कमी पडेल. जंगलाच्या कडेला कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर वाढलेल्या पोरांची नजर झाडीतल्या हालचालीला सरावलेली असते, ते वेगळंच.

लक्ष्यं गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होतात. बिजागरी, पट्टी, पत्रा आणि दोरी, एवढंच साहित्य. फक्त ससा, हरीण, पक्षी असे आकार कापू नयेत. टिपेश्वर अभयारण्य शेजारी असताना पोरांना सशाच्या छातीवर नेम धरायला शिकवणं शहाणपणाचं नाही. गुलाबी बोंडअळी कापावी. यवतमाळच्या शेतकर्‍याला ती आडवी पाडण्यात जो आनंद मिळेल तो सशात नाही.

सुरक्षिततेत मात्र कंजूषी नको. एवढ्याशा बंदुकीचा छर्रासुद्धा वर रोखून मारला तर काहीशे मीटर जातो. प्रत्येक लक्ष्यामागे मातीचा उंच बांध हवा, किंवा टेकडीचा उतार. मागच्या बाजूला गुराख्यांची वाट असेल तर ती जागा सोडून द्यावी. लाल झेंडा लावावा, शिटी वाजली की सर्व बंदुका खाली आणि रिकाम्या, मगच कुणी पुढे जाऊन लक्ष्य नीट करावं. पत्र्यावरून छर्‍याचे तुकडे उलटे येतात, म्हणून चष्मा सगळ्यांना, बघ्यांनाही. छर्रे शिशाचे असतात. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, आणि स्पर्धा संपल्यावर बांधातले छर्रे चाळून काढावेत, ते नाल्यात जाऊ देऊ नयेत.

या बंदुकीचा खरा धोका स्पर्धेत नाही, स्पर्धेबाहेर आहे. एअरगननं होला, तितर, लावा किंवा ससा मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तुरुंगवासाचा गुन्हा आहे, बंदूक परवानामुक्त असली तरी. अरुणाचल प्रदेशात पक्षी इतके कमी झाले की २०२१ मध्ये सरकारनं लोकांना आपल्या एअरगन स्वखुशीनं जमा करा असं आवाहन करत मोहीम काढली, आणि गावोगावच्या लोकांनी त्या आणून दिल्या. आपल्याकडे ती वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर मंडळाच्या नियमावलीत पहिलं कलम हेच असावं: ज्यानं जिवंत पाखरावर एक छर्रा जरी सोडला, त्याची बंदूक जमा आणि नाव कायमचं कमी. हे कलम पाळायची तयारी नसेल, तर स्पर्धा भरवूच नये.